बागेतली जास्वंद जलरंगात कशी रंगवावी : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

जलरंगात फुले रंगवायला निघालेले अनेक जण पहिल्याच दिवशी गुलाब समोर ठेवतात आणि तिथेच अडखळतात. गुलाबाच्या पाकळ्या एकमेकींत दडलेल्या असतात, त्यामुळे कोणती पाकळी कुठून निघते आणि कुठे वळते हे डोळ्यांना नीट उमगत नाही. आणि जे डोळ्यांना उमगले नाही ते हातातून उतरत नाही. म्हणून शिकणाऱ्याने पहिले फूल एकेरी पाकळ्यांच्या लाल जास्वंदीचे घ्यावे, असा माझा आग्रह आहे. हे फूल महाराष्ट्रात आणि गोव्यात जवळजवळ बारा महिने मिळते, आकाराने मोठे असते, त्याच्या पाचही पाकळ्या स्वच्छ मोजता येतात आणि त्याची बांधणी एकदा समजली की इतर फुलांकडे पाहण्याची नजर आपोआप तयार होते. या लेखात हेच फूल आरंभापासून अखेरपर्यंत कसे रंगवावे ते सांगितले आहे, आणि पांढऱ्या व पिवळ्या फुलांना वेगळी वागणूक का द्यावी लागते तेही पुढे पाहिले आहे.

साहित्य

हाताशी पैसे थोडे असतील तर ते आधी कागदावर, मग ब्रशवर आणि सर्वांत शेवटी रंगांवर खर्च करावेत. उलट क्रमाने खरेदी केलेली चोवीस रंगांची पेटी आणि शाळेतला पातळ चित्रकलेचा कागद यांच्या जोडीने कुणाचेच भले होत नाही, कारण पातळ कागद पाणी लागताच फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि दोष मात्र शिकणारा स्वतःच्या हाताला देतो. जलरंगासाठी दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, शक्यतो शंभर टक्के सुती कागद घ्यावा. ५६ बाय ७६ सेंटिमीटरच्या पूर्ण तावाचे आठ समान तुकडे केले तर प्रत्येक तुकडा साधारण २८ बाय १९ सेंटिमीटरचा होतो. त्यावर जास्वंदीचे एक फूल, एक कळी आणि दोन-तीन पाने जवळजवळ खऱ्या मापाची बसतात. अगदी गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर बारकावे सुरेख उतरतात, पण त्यावर पाणी सांभाळणे अवघड जाते, म्हणून सुरुवातीला किंचित खरखरीत असा कोल्ड प्रेस कागद बरा.

ब्रश दोनच पुरतात : आठ नंबरचा गोल आणि तीन नंबरचा गोल. दुकानात ब्रश घेताना तो पाण्यात बुडवून हलकेच झटकून पाहावा. केस आपोआप एकत्र येऊन टोकदार झाले तर तो घ्यावा, टोक दुभंगले तर परत ठेवावा. याशिवाय एक जुना, थोडा कडक केसांचा ब्रश वाळलेला रंग उचलण्यासाठी जवळ असावा. पाण्याची भांडी नेहमी दोन असावीत, एक ब्रश धुण्यासाठी आणि एक स्वच्छ पाण्यासाठी, कारण लाल रंगाने गढूळ झालेल्या पाण्यात हिरवा कालवला की तो मातकट होतो.

रंगांमध्ये दोन लाल, दोन पिवळे, दोन निळे आणि एक बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एवढे घेतले की पुष्कळ झाले. दोन लालांपैकी एक शेंदरीकडे झुकणारा आणि एक गुलाबीकडे झुकणारा असावा; पिवळ्यांत लेमन यलो आणि एक गर्द, केशरीकडे जाणारा पिवळा; निळ्यांत अल्ट्रामरीन आणि प्रशियन ब्लू. ट्यूबवर रंगाच्या नावाबरोबर रंगद्रव्याचा सांकेतिक क्रमांक छापलेला असतो आणि तो वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. गुलाबी लाल म्हणून पीव्ही १९ हे क्विनॅक्रिडोन द्रव्य असलेली ट्यूब घेतली तर रंग टिकाऊ मिळतो. पारंपरिक अलिझरिन क्रिमझनमधले पीआर ८३ हे द्रव्य उजेडात उडते, आणि डोळे दिपवणारे झगझगीत गुलाबी रंग तर त्याहूनही लवकर फिके पडतात. फुलांच्या चित्रकाराला नेमके हेच रंग मोहात पाडतात, म्हणून ही सूचना आधीच देऊन ठेवतो. काळा रंग विकत घेऊच नये.

फूल निवडणे आणि मांडणे

जास्वंद सकाळी उमलते आणि सामान्यतः त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मिटते, त्यामुळे कामाला सकाळी बसावे. तोडलेली जास्वंद पाण्यात ठेवली काय किंवा नुसती ताटलीत ठेवली काय, दिवसभर उमललेलीच राहते; देवाला सकाळी वाहिलेले फूल दुपारीही टवटवीत दिसते ते याच कारणाने. या गुणाचा फायदा असा की फूल हवे तसे कलते करून, देठ मातीच्या गोळ्यात किंवा अरुंद तोंडाच्या बाटलीत रोवून मनासारखे मांडता येते.

फूल अगदी समोरून पाहिले तर ते सपाट चकतीसारखे दिसते आणि अगदी बाजूने पाहिले तर पाकळ्यांचे सौंदर्य हरवते. म्हणून ते थोडे तिरके ठेवावे, इतके की पाकळ्यांच्या आतला भागही दिसेल आणि मधला दांडा आपल्या दिशेने पण थोडा एका बाजूला झुकलेला दिसेल. उजेड एकाच बाजूने येऊ द्यावा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने खिडकी डाव्या हाताला ठेवली तर हाताची सावली कागदावर पडत नाही. खोलीतला दिवा बंद करावा, कारण दोन उजेडांनी दोन सावल्या पडतात आणि नवशिक्याचा गोंधळ उडतो.

आरंभी मोबाइलवर एक छायाचित्र काढून ठेवायला हरकत नाही, कारण दोन तासांत उजेड सरकतो आणि सावल्या बदलतात. मात्र चित्र त्या छायाचित्रावरून रंगवू नये. गडद लाल रंग कॅमेऱ्याला नीट पेलत नाही; पाकळीवरच्या चढउतारांचा एकच सपाट तांबडा डाग होतो आणि जे पाहायचे तेच नाहीसे होते.

फुलाची बांधणी वाचणे

पेन्सिल हातात घेण्याआधी निदान पाव तास फूल नुसते पाहावे आणि दुसरे एखादे फूल घेऊन ते सुटे करून पाहावे. जास्वंदीला पाच पाकळ्या असतात, आणि प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर तर दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली जाते. त्यामुळे संपूर्ण फुलाला भिरभिऱ्यासारखा एकाच दिशेचा पीळ येतो. हा पीळ ध्यानात न घेता काढलेल्या पाकळ्या एकमेकींशेजारी चिकटवल्यासारख्या दिसतात; तो ध्यानात घेतला की केवळ चार-पाच रेषांतही फूल जिवंत वाटते. तगरीच्या पाकळ्यांतही असाच पीळ सापडतो.

फुलाच्या मधोमध लांब केसरनलिका बाहेर येते. तिचा खालचा भाग गुळगुळीत असतो, वरच्या भागावर आखूड तंतूंच्या टोकांशी पिवळे परागकोश असतात, आणि अगदी शेंड्याला पाच छोट्या फांद्या फुटून त्यांच्या टोकांवर मखमली लाल ठिपके दिसतात. पाठीमागे पाच दातांचा हिरवा पुष्पकोश आणि त्याच्याखाली अरुंद हिरव्या पात्यांचे आणखी एक कडे असते. आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट : देठ, पुष्पकोश, फुलाचा मध्य आणि केसरनलिकेचा बुंधा हे सारे एकाच कल्पित रेषेवर असतात. नलिका पुढे थोडी वाकली तरी ती निघते त्या रेषेवरूनच. फुलाच्या मागे दडलेला देठ चित्रात कुठून बाहेर पडावा, हा प्रश्न ही रेषा कागदावर हलकी ओढून ठेवल्याने सुटतो. ही रेषा चुकली, तर पुढचे रंगकाम कितीही चांगले झाले तरी फूल देठावरून निखळल्यासारखे दिसते.

अशा तऱ्हेने फुलाकडे पाहण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. जहांगीर बादशहाने १६२० मध्ये काश्मीरला मुक्काम केला, तेव्हा उस्ताद मन्सूर याने तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली, असे बादशहाने आपल्या आठवणींत नोंदवले आहे. पुण्याजवळ दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती उद्यान होते. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० या काळात एका स्थानिक चित्रकाराकडून उद्यानातल्या वनस्पतींची जलरंगातली चित्रे करून घेतली, आणि ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये जपलेली आहेत. दापोडीच्या त्या चित्रांच्या प्रतिमा शिकणाऱ्याने जरूर पाहाव्यात. मागे देखावा नाही, कोऱ्या कागदावर नुसती वनस्पती आहे, आणि तरीही नजर हलत नाही, याचे कारण रंगाआधी बांधणी पक्की आहे.

रेखाटन

रेखाटन आधी साध्या कागदावर करावे. फुलाचा एकूण घेर एका लंबवर्तुळात बसवावा, मध्य ठरवावा आणि मध्यापासून पाच पाकळ्यांच्या मध्यशिरा हलक्या हाताने ओढाव्यात. फूल तिरके असल्यामुळे आपल्याकडे येणाऱ्या पाकळ्या लांबीला आखडलेल्या दिसतील आणि मध्य लंबवर्तुळाच्या बरोबर मधोमध नसेल. इथे मनाला माहीत असलेला आकार न काढता डोळ्यांना दिसणारा आकार काढण्याचा निग्रह ठेवावा. पाकळ्यांच्या कडांवरच्या लाटा सर्वांत शेवटी घालाव्यात.

मनासारखे रेखाटन झाले की ते खिडकीच्या काचेवर धरून जलरंगाच्या कागदावर उतरवून घ्यावे. ३०० ग्रॅमच्या कागदातून रेषा नीट दिसली नाही, तर रेखाटनाच्या पाठीमागे पेन्सिल घासून वरून गिरवावे. थेट चांगल्या कागदावर खोडाखोड केली तर त्याचा पृष्ठभाग सोलवटतो आणि तिथे रंग डागासारखा शोषला जातो. उतरवलेल्या रेषा मऊ खोडरबर नुसते दाबून फिक्या कराव्यात, कारण रंगाखाली गेलेली पेन्सिलची गर्द रेषा नंतर सहसा निघत नाही.

रंगाचा पहिला हात

प्रथम एका वेगळ्या तुकड्यावर रंगांच्या पट्ट्या ओढून त्या पूर्ण वाळू द्याव्यात आणि मग एक सुटी पाकळी त्यांच्या शेजारी ठेवून ताडून पाहावी. जलरंग वाळल्यावर फिका होतो, त्यामुळे ओल्या पट्टीवरून केलेला अंदाज हमखास चुकतो.

जास्वंदीचा लाल हा एक रंग नसतो. उजेड पाकळीच्या आरपार येतो तिथे तो शेंदरी होतो. पाकळीचा जो भाग आकाशाकडे तोंड करून चमकतो तिथे तो निळसर गुलाबी दिसतो. घशाकडे, म्हणजे फुलाच्या मध्याशी, तो गर्द होत जातो. या तीन छटा पॅलेटवर आधीच भरपूर प्रमाणात कालवून ठेवाव्यात, कारण ओला कागद कालवाकालवीसाठी थांबत नाही.

एका वेळी एकच पाकळी स्वच्छ पाण्याने ओली करावी. कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरका धरून पाहावा : पाण्याचे तळे दिसत असेल तर थांबावे, तळे जिरून नुसती चमक उरली की रंग सोडावा, आणि चमकही गेली असेल तर रंग न लावता पूर्ण वाळू द्यावे. माझ्या मते जलरंगातले निम्मे कौशल्य या एका निरीक्षणात आहे. चमकत्या भागात गुलाबी लाल अगदी पातळ करून सोडावा, कडेच्या उजळ भागात शेंदरी, आणि घशाकडून गर्द छटा. ब्रशने घासू नये, रंगांना आपसांत मिसळू द्यावे. एक पाकळी झाली की तिला लागून असलेली पाकळी लगेच घेऊ नये, नाहीतर ओल्या कडा एकमेकींत वाहतात. पहिली आणि तिसरी करावी, त्या वाळल्यावर दुसरी आणि चौथी, आणि शेवटी पाचवी. पाकळ्या पाच असल्यामुळे एक मागे उरतेच.

पावसाळ्यात कागद वाळायला फार वेळ लागतो. हाताची पालथी बाजू कागदाजवळ नेली असता गारवा जाणवला तर आत ओल आहे असे समजावे. केस वाळवण्याचे यंत्र वापरायचे तर ते दूर धरून, चमक गेल्यावरच वापरावे. तळे असताना हवा मारली तर रंग ढकलला जाऊन भलतीकडे डाग पडतो.

सावल्या, शिरा आणि केसरनलिका

दुसऱ्या हातात रंग बदलण्यापेक्षा आकार घडवण्याकडे लक्ष द्यावे. एक पाकळी दुसरीवर जिथे येते तिथे खालच्या पाकळीवर पडलेली सावली आधी घ्यावी. या सावलीसाठी गुलाबी लालात थोडा अल्ट्रामरीन, किंवा अगदी किंचित हिरवा मिसळावा. लाल आणि हिरवा हे एकमेकांना शांत करणारे रंग असल्याने त्यातून जिवंत, खोल तांबूस काळसर छटा मिळते, तर काळा मिसळलेला लाल काजळी धरल्यासारखा दिसतो. सावलीची एक कड धारदार ठेवावी आणि दुसरी कड स्वच्छ, दमट ब्रशने विरवून टाकावी. हा एकच सराव रद्दी कागदावर पुन्हा पुन्हा करावा, कारण पुढच्या सर्व फुलांत तो लागतो.

शिरांच्या बाबतीत नवशिक्यांची सरसकट चूक होते ती ही की ते पाकळीवर गर्द रेषा ओढतात. जास्वंदीच्या पाकळीवर बोट फिरवून पाहिले तर उंचवटे आणि त्यांमधल्या उथळ घड्या जाणवतात. आपल्याला दिसते ती शीर म्हणजे त्या घडीतली सावली असते. म्हणून तीन नंबरच्या ब्रशने घडीतली सावली घालावी, तिची एक बाजू विरवावी, आणि सगळ्या शिरा दाखवण्याचा हट्ट सोडून उजेड-सावलीच्या सीमेवरच्या चार-दोनच दाखवाव्यात. शिरा मध्याकडून निघून कडेकडे फाकत जातात, त्यामुळे त्यांच्या दिशेनेच पाकळीचा बाक कळतो.

केसरनलिकेची जागा आरंभापासून कोरी राखावी. हात स्थिर नसेल तर मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद कोरा राखण्यासाठी लावायचा रबरासारखा वाळणारा द्रव, वापरता येते. मात्र ते लावण्याचा ब्रश जुना असावा, आधी साबणात बुडवलेला असावा, आणि वाळलेले फ्लुइड कागद पूर्ण सुकल्यावरच बोटाने हलके घासून काढावे. नलिका गोल आहे हे तिच्या एका बाजूला उभी सावली दिल्याने दिसते. परागकोशांसाठी गर्द पिवळ्याचे ठिपके द्यावेत, सगळे सारखे नकोत. काही एकमेकांना चिकटलेले, काही सुटे, आणि उजेडाच्या विरुद्ध बाजूच्या ठिपक्यांना बर्न्ट सिएनाचा स्पर्श. जागा कोरी राखणे जमले नाही तर पांढऱ्या पोस्टर रंगात पिवळा मिसळून ठिपके वरून देता येतात, यात कमीपणा काहीच नाही.

पाने

ट्यूबमधला तयार हिरवा थेट लावला की पाने खोटी दिसतात. लेमन यलो आणि प्रशियन ब्लू यांच्या मिश्रणात कणभर बर्न्ट सिएना घातला की बागेतला खरा हिरवा मिळतो. जास्वंदीचे पान चकचकीत असते, त्यामुळे त्याचा वरचा भाग हिरवा कमी आणि आकाशाच्या रंगाचा, फिकट निळसर राखाडी जास्त दिसतो; आधी तो फिकट हात देऊन वाळवावा आणि मग शिरांमधल्या जागा हिरव्याने भराव्यात, म्हणजे शिरा आपोआप उजळ राहतात. कडेचे दाते शेंड्याकडे ठळक आणि देठाकडे कमी असतात, ते सरसकट करवतीसारखे काढू नयेत.

पांढरी आणि पिवळी फुले

मोगरा, तगर किंवा अनंत रंगवायचा तर पांढरा रंग लागतच नाही. कागदाचे कोरेपण हेच फुलाचे पांढरेपण. फुलाशेजारी पांढरा कागद धरून पाहावे, म्हणजे पाकळ्यांत किती निळसर, पिवळट, हिरवट छटा आहेत ते एकदम दिसू लागते. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांचे अतिशय पातळ मिश्रण सावलीला घ्यावे, देठाजवळ किंचित पिवळट हिरवा सोडावा, आणि फुलामागे गर्द पाने घालून पाकळ्यांच्या कडा पुढे आणाव्यात. सावली वाटते त्याहून निम्मी फिकट ठेवावी. मळकट झालेला मोगरा पुन्हा उजळत नाही.

झेंडूच्या पाकळ्या मोजत बसू नये. आधी संपूर्ण फूल हा एक अर्धगोल मानून त्यावर उजेड आणि सावली द्यावी, आणि मग उजेडाकडच्या थोड्याच पाकळ्यांच्या कडा स्पष्ट कराव्यात. पिवळ्याच्या सावलीत काळा घातला तर तो हिरवट होतो, म्हणून केशरी आणि बर्न्ट सिएना वापरावा. दसऱ्याच्या सुमारास ढिगाने झेंडू घरात येतो, तेव्हा हा सराव सहज होतो. थंडीत शेवंतीवरही हीच पद्धत चालते.

बागेत बसून काम करताना

घरातली चार-पाच फुले झाल्यावरच बाहेर बसावे. पुण्यातल्या एम्प्रेस गार्डनमध्ये किंवा मुंबईच्या राणीच्या बागेत बसायला सावली मिळते, आणि फुले न तोडता रंगवायची असतात हे तर सांगायलाच नको. कागदावर थेट ऊन पडू देऊ नये. उन्हात सगळे रंग उजळ भासतात, त्यामुळे हात नकळत गर्द लावतो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले दिसते. मे महिन्यात रंग क्षणात वाळतो, म्हणून एका वेळी छोटा भाग ओला करावा आणि मोठ्या चित्राऐवजी एकच कळी, एकच पान अशा नोंदी घ्याव्यात.

कागद आणि चित्र जपणे

पावसाळ्यात कोऱ्या कागदाची जास्त काळजी घ्यावी लागते. दमट हवेत कागदावरचे सरसाचे लेपण बिघडते; मग रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो आणि त्याचे वॉश, म्हणजे पातळ सपाट थर, सरळ बसत नाहीत. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह, आडवा ठेवावा. पूर्ण झालेले चित्र दोन कोऱ्या कागदांत घालून रात्रभर जड पुस्तकांखाली दाबले तर सपाट होते. त्याच्या पाठीवर पेन्सिलने तारीख, फुलाचे नाव आणि वापरलेल्या रंगांचे क्रमांक लिहावेत, म्हणजे पुढच्या वेळी तोच लाल पुन्हा कालवता येतो. चौकट करताना कागद आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याचा माउंट घालावा, कारण काचेला टेकलेले चित्र दमट हवेत तिला चिकटते. आणि चौकट अशा भिंतीवर लावावी जिथे ऊन थेट येत नाही.